रूट पार्टिशन डीएफमध्ये ४७ जीबी भरलेलं, चित्रात मात्र २० जीबीच! जागा शोधायची कशी, आणि कोणत्या प्रोग्रामने?

ग्रंथस्कॅन_गिरगाव (धागाकर्ता)

गिरगावातल्या एका वाचनालयाचा स्कॅनिंगचा संगणक आहे. उबुंटू २२.०४, २५६ जीबीची एसएसडी. रूटला (/, म्हणजे सिस्टमच्या फाइली) ५० जीबीचं पार्टिशन, बाकी सगळं होमला (आमच्या फाइली), दोन्हींची फाइलसिस्टम ईएक्सटी४. शिवाय २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क आहे, ती /एमएनटी/ग्रंथ इथे माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरातून उघडते. रोज रात्री होममधली स्कॅन आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने तिच्यावर जातात.

अडचण अशी की स्कॅनिंगचा प्रोग्राम तात्पुरती फाइल /टीएमपीमध्ये लिहितो आणि आता "जागा नाही" म्हणून थांबतो. डीएफ -एच (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) रूटसाठी सांगतं: आकार ४९, वापर ४७, शिल्लक ०, म्हणजे १०० टक्के. पण बाओबाबने, म्हणजे उबुंटूतल्या डिस्क यूसेज अ‍ॅनलायझरने, रूट स्कॅन केलं तर गोल चित्रात एकूण २० जीबी दिसतात. बाकीचे कुठे गेले? ते गोल चित्र नेमकं वाचायचं कसं? आणि बाओबाबपेक्षा बरं काही आहे का?

रात्रपाळी_सर्व्हर

आधी एक खुलासा. आज्ञा आणि फोल्डरची नावं या धाग्यात उच्चाराप्रमाणे लिहितो. टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टाइप करा. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगेन.

तुमचे दोन आकडे एका मापाचे नाहीत. डीएफ -एच १०२४ च्या पटीत मोजतं, बाओबाब १००० च्या पटीत. बाओबाबचे २० जीबी म्हणजे डीएफच्या मापात साधारण १८.६. तेव्हा तफावत २७ ची नाही, २८ च्या वर आहे. डीएफला १००० च्या पटीत बोलायला लावायचं असेल तर -एच मधला एच कॅपिटल द्या, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात.

दुसरं, बाओबाब तुमच्या लॉगिनच्या नावाने चालतो. जी फोल्डर फक्त रूटला, म्हणजे सिस्टमच्या मुख्य यूजरला, वाचता येतात ती त्याला उघडता येत नाहीत, मग त्यांचा हिशेब चित्रात येतच नाही. वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) खिडकीवाले प्रोग्राम सुडोने (रूट यूजरच्या अधिकाराने) उघडायला गेलं की बऱ्याचदा अडतं, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. टर्मिनलमध्ये हे चालवा:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /

यातला एक्स महत्त्वाचा. तो दिला की डीयू (फोल्डरांचा आकार मोजणारी आज्ञा) एकाच फाइलसिस्टमच्या आत राहतं. होम, यूएसबी डिस्क, /स्नॅप, /प्रॉक यांत शिरत नाही. शेवटच्या ओळीतला एकूण आकडा इथे टाका.

आणि शिल्लक शून्य दिसत असली तरी घाबरू नका. ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के जागा रूट यूजरसाठी राखून ठेवलेली असते. तुमच्या ५० जीबीवर ती अडीच जीबी. लोकलमधल्या राखीव डब्यासारखं आहे, जागा असते पण साध्या प्रवाशाला चढता येत नाही. म्हणून स्कॅनिंगचा प्रोग्राम अडतोय, पण सुडोची कामं अजून होतील.

ग्रंथस्कॅन_गिरगाव

एकूण २१ जी आलं. सर्वांत मोठं /यूएसआर, त्याच्या खालोखाल /व्हार. /व्हारमध्येही नजरेत भरण्यासारखं काही नाही.

रात्रपाळी_सर्व्हर

म्हणजे अडीच जीबी परवानगीअभावी लपले होते, ते मिळाले. तरीही २६ जीबी उरतातच. डीयू आणि हे सगळे चित्रवाले प्रोग्राम फोल्डरांच्या झाडावर चढून एकेक फाइल मोजतात. डीएफ झाडाकडे बघत नाही, किती ब्लॉक वापरात आहेत हे थेट फाइलसिस्टमला विचारतं. जी गोष्ट डिस्कवर आहे पण झाडावर चढून हाती लागत नाही, ती चित्रात कधीच येणार नाही, मग प्रोग्राम कितीही चांगला असो. रूटने मोजूनही एवढा फरक उरला तर आधी दोन कारणं तपासायची.

पहिलं कारण, पुसलेली पण उघडी असलेली फाइल. एखाद्या प्रोग्रामने लॉग उघडून ठेवलाय आणि कोणी तो पुसला, तर नाव जातं, ब्लॉक सुटत नाहीत. सुडो एलएसओएफ +एल१ चालवा, त्यातला एल कॅपिटल. यादीत मोठा आकडा दिसला तर तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला की जागा लगेच मोकळी होते.

दुसरं कारण, माउंटखाली दबलेल्या फाइली. तुमची यूएसबी डिस्क रोज माउंट होते म्हणालात. एखाद्या रात्री ती माउंट झाली नसेल तर?

ग्रंथस्कॅन_गिरगाव

एलएसओएफमध्ये मोठं काही नाही, सगळं मिळून ४० एमबीसुद्धा नाही. यूएसबीची तार मात्र ढिली आहे. डिस्क मध्येच सुटते, आणि मग कोणी पुन्हा लावेपर्यंत तशीच राहते.

कोनाडा

मग तेच झालंय. भिंतीतल्या कोनाड्यात सामान ठेवलं आणि समोर कपाट आणून लावलं, तर सामान घरातच असतं पण दिसत नाही. /एमएनटी/ग्रंथ हा कोनाडा, यूएसबी डिस्क हे कपाट. ज्या रात्री डिस्क नव्हती त्या रात्री आरसिंकला समोर एक रिकामं फोल्डर दिसलं, त्याने सगळी स्कॅन पहिल्यापासून तिथेच, म्हणजे रूट पार्टिशनवर, उतरवली. नंतर डिस्क लागली आणि सगळं झाकलं गेलं.

कपाट न हलवता मागे बघता येतं:

सुडो एमकेडीर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
सुडो डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/एमएनटी/ग्रंथ

बाइंड माउंट रूट फाइलसिस्टम दुसऱ्या जागी पुन्हा दाखवतं, पण तिच्यावर लावलेली इतर माउंट सोबत आणत नाही. त्यामुळे दुसऱ्या वाटेने आत गेलं की कोनाडा उघडाच सापडतो. इथे --आरबाइंड वापरू नका. त्यात खालची सगळी माउंटही येतात आणि कपाट पुन्हा समोर उभं राहतं.

आकडा २६ च्या आसपास आला तरी लगेच पुसू नका. त्यातली प्रत्येक फाइल यूएसबी डिस्कवर खरोखर आहे का ते आधी पडताळा:

सुडो आरसिंक -आरसीएनव्ही /एमएनटी/मूळ/एमएनटी/ग्रंथ/ /एमएनटी/ग्रंथ/

एन म्हणजे फक्त तालीम, काहीच लिहिलं जात नाही. सी म्हणजे तारीख-आकार न बघता फाइलचा मजकूर ताडून बघणं. २६ जीबी वाचायचे आहेत, वेळ लागेल. यादीत जी नावं येतील ती यूएसबीवर नाहीत किंवा वेगळी आहेत, त्यांची आधी सोय लावा. पहिल्या वाटेच्या शेवटी तिरकी रेघ हवीच, ती विसरली तर फोल्डरात फोल्डर शोधलं जाऊन सगळीच नावं नवी दिसतील.

पुसताना पूर्ण वाट पुन्हा एकदा वाचा. /एमएनटी/मूळ/एमएनटी/ग्रंथ हे दबलेलं, नुसतं /एमएनटी/ग्रंथ हा तुमचा खरा बॅकअप. आणि बाइंड चालू असताना /एमएनटी/मूळ हे फोल्डरच आरएम -आरने उडवलंत तर अख्खी सिस्टम जाईल. काम झालं की आधी सुडो यूमाउंट /एमएनटी/मूळ, मग सुडो आरएमडीर. आरएमडीर मुद्दाम सांगतोय, कारण फोल्डर रिकामं नसेल तर ते नकार देतं.

चौकट_चौकट

मूळ प्रश्न सुटतोय तोवर चित्रांबद्दल लिहितो.

बाओबाबच्या गोल चित्रात मध्यभागी तुम्ही निवडलेलं फोल्डर, पहिल्या कड्यात त्याची पोटफोल्डर, दुसऱ्यात त्यांची पोटफोल्डर, असं बाहेर बाहेर जायचं. बघायचा तो तुकड्याचा कोन. बाहेरच्या कड्यातला तुकडा आतल्या तुकड्याइतकाच कोन घेत असला तरी कागदावर मोठा दिसतो, कारण बाहेर परीघ मोठा. ही चूक सर्रास होते. तुकड्यावर माउस नेऊन आकडा वाचा आणि मगच ठरवा. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांकडे फाइललाइट असतो, त्याचं चित्रही असंच कड्यांचं.

मला स्वतःला चौकोनी नकाशा जास्त उपयोगी वाटतो. १९९० साली मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी तो काढला, तेही नेमक्या याच अडचणीपायी. त्यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत होते आणि ती सतत भरायची. चाळीच्या मजल्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. मजला म्हणजे वरचं फोल्डर, खोल्या म्हणजे पोटफोल्डर, आणि खोलीतली प्रत्येक लादी म्हणजे एक फाइल. जेवढी फाइल मोठी तेवढी लादी मोठी. बाओबाबमध्येही कोपऱ्यातल्या बटणाने चौकोनी नकाशा मिळतो.

पण चौकोनी नकाशासाठी क्यूडिरस्टॅट घ्या. उबुंटूच्या भांडारात आहे, सुडो एपीटी इन्स्टॉल क्यूडिरस्टॅट. विंडोजवरचं विनडिरस्टॅट अनेकांनी वापरलं असेल. ते लिनक्सवरच्या केडिरस्टॅटवरून सुचलं, आणि त्याच केडिरस्टॅटच्या लेखकाने क्यूडिरस्टॅट लिहिलंय. वर फोल्डरांची यादी, खाली नकाशा. नकाशात लादीवर क्लिक केलं की यादीत ती फाइल उघडून दिसते. रंग फाइलच्या जातीवरून ठरतो, त्यामुळे एका नजरेत कळतं की जागा चित्रांनी खाल्लीय, व्हिडिओंनी की झिप फाइलींनी. वाटेत दुसरं माउंट लागलं तर तिथे थांबतं, खूण दाखवतं. आत जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं.

तुमच्या होमवर ते एकदा चालवाच. स्कॅनचं फोल्डर नकाशात ओळखू येतं. सारख्या मापाच्या शेकडो लाद्या ओळीने बसवल्यासारख्या दिसतात, कारण न दाबलेल्या टिफमध्ये (स्कॅनच्या चित्राची फाइल) पानावर काय छापलंय याने आकार बदलत नाही. ए४, ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), रंगीत: २४८० गुणिले ३५०८ गुणिले ३ बाइट, म्हणजे २६ एमबी. तेच ६०० डीपीआयला १०४ एमबी. आता पुस्तक डेमी आकाराचं, साडेपाच बाय साडेआठ इंच. तेवढंच कापून घेतलं तर ६०० डीपीआयला ५० एमबी. तेव्हा डेमी पुस्तकाच्या फोल्डरात १०४ एमबीच्या लाद्या दिसल्या तर समजा की स्कॅनर दर पानाला काचेची रिकामी कडसुद्धा जपून ठेवतोय आणि निम्म्याहून जास्त जागा त्यात जातेय. यादीत नुसता एकूण आकडा वाचून हे लक्षात येणार नाही.

पहिला_मजला

बाओबाबमधून उजवं क्लिक करून मोठी फोल्डर उडवली, पण डीएफमध्ये तसूभर फरक नाही. असं का?

चौकट_चौकट

कारण तो पर्याय "कचऱ्यात हलवा" आहे. फाइल त्याच पार्टिशनवर ~/.लोकल/शेअर/ट्रॅशमध्ये (टी कॅपिटल) जाऊन बसते, जागा तेवढीच. कचरा रिकामा केला की सुटते. पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवरून पुसलेलं तिच्याच मुळाशी .ट्रॅश-१००० (इथेही टी कॅपिटल) नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहतं. शेवटचा आकडा म्हणजे तुमचा यूजर क्रमांक. "पेनड्राइव्ह रिकामा आहे तरी भरलेला दाखवतो" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसेल.

खाडीपलीकडे

क्यूडिरस्टॅटमध्ये /व्हार उघडल्यावर लोक नको त्या गोष्टी पुसतात, म्हणून हे लिहून ठेवतो.

/व्हार/लॉग/जर्नल मोठं असेल तर फाइली हाताने पुसू नका, सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम द्या (शेवटचा एम कॅपिटल). मूळ सेटिंगमध्ये ते फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत वाढतं, जास्तीत जास्त ४ जीबी. /व्हार/कॅश/एपीटीसाठी सुडो एपीटी क्लीन. जुने कर्नल /बूटमधून हाताने काढले तर पॅकेजचा हिशेब बिघडतो, सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज वापरा.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी यंत्रणा) असेल तर /व्हार/लिब/डॉकरमधल्या ओव्हरले२ फोल्डरला हात लावायचा नाही, अगदी नकाशाचा अर्धा भाग त्याने व्यापला असला तरी. तिथे थर एकावर एक माउंट केलेले असतात. एक्सशिवाय मोजणारा प्रोग्राम तेच थर पुन्हा पुन्हा मोजतो, त्यामुळे चित्रातला आकडा खऱ्यापेक्षा फुगतो. खरा हिशेब सुडो डॉकर सिस्टम डीएफ सांगतं आणि साफसफाई सुडो डॉकर सिस्टम प्रून करतं. प्रून काय काय काढणार ते आधी विचारतं, ते वाचून मगच वाय दाबा.

स्नॅपबद्दल (उबुंटूत प्रोग्राम बसवायची एक पद्धत) इथे दर महिन्याला कोणीतरी विचारतं. डीएफमध्ये /डेव्ह/लूप अशा ओळी १०० टक्के भरलेल्या दिसतात, त्या तशाच दिसायच्या. ती फक्त वाचता येणारी, गच्च बांधलेली गाठोडी आहेत. खरी जागा /व्हार/लिब/स्नॅपडी/स्नॅप्समध्ये जाते.

पहिला_मजला

अंधेरीच्या ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्याला स्क्रीनही नाही आणि डेस्कटॉपही नाही. त्याचा असा नकाशा बघता येईल का?

रात्रपाळी_सर्व्हर

दोन वाटा आहेत. साधी वाट म्हणजे एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून) आत जाऊन सुडो एनसीडीयू -एक्स /. चित्र नाही, पण यादी आकाराने लावलेली, बाणांनी आत-बाहेर. डी दाबलं की पुसतं, आणि हे पुसणं कचऱ्यात जात नाही, कायमचं. म्हणून चालू सर्व्हरवर एनसीडीयूला -आर जोडा, मग ते फक्त वाचतं.

नकाशाच हवा तर क्यूडिरस्टॅटसोबत क्यूडिरस्टॅट-कॅश-रायटर नावाची पर्ल स्क्रिप्ट येते. ती एकच फाइल सर्व्हरवर कॉपी करा, तिथे ग्राफिक काहीच बसवावं लागत नाही. सुडोने चालवा, आधी मोजायचं फोल्डर द्या, मग निकालाची फाइल, उदाहरणार्थ /टीएमपी/रूट.कॅश.जीझेड. ती फाइल एससीपीने आपल्या संगणकावर आणा आणि क्यूडिरस्टॅट --कॅश लिहून पुढे तिचं नाव द्या. सर्व्हरचा पूर्ण नकाशा घरच्या स्क्रीनवर दिसतो, आणि चुकून तिथलं काही पुसलं जाण्याची भीती नाही. रूटची फोल्डर वाचायची ही वाट आपल्या स्वतःच्या संगणकावरही चालते, वेलँडची कटकट त्यात येतच नाही.

खाडीपलीकडे

बीटीआरएफएसवाल्यांनी (ईएक्सटी४ ऐवजी ही फाइलसिस्टम वापरणाऱ्यांनी) मात्र यातल्या कोणत्याच चित्रावर भरवसा ठेवू नये. स्नॅपशॉटमध्ये (फाइलसिस्टमची त्या क्षणाची जपलेली प्रत) एकच ब्लॉक अनेकांच्या नावावर असतो, मोजणारे तो प्रत्येक वेळी मोजतात. मोठी फाइल पुसली तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये असेल तर जागा सुटत नाही. तिथे सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम यूसेज /, आणि नकाशासारखं काही हवं तर बीटीडीयू.

कोनाडा

अजून एक राहिलं. "जागा नाही" असा निरोप येतो, डीएफ -एचमध्ये जागा भरपूर, सगळ्या नकाशांतही भरपूर. मग डीएफ -आय बघा. ईएक्सटी४ मध्ये फाइलींची संख्या फाइलसिस्टम बनवतानाच ठरते, साधारण दर १६ केबीला एक आयनोड (एका फाइलची नोंद). ५० जीबीवर ३२ लाख ७६ हजार ८००. बारीक बारीक फाइली इतक्या झाल्या की डिस्क अर्धी रिकामी असूनही नवी फाइल बनत नाही. चौकोनी नकाशात या फाइली धुळीसारख्या दिसतात, डोळा त्यांच्यावर थांबतच नाही. बाओबाबच्या यादीत आत किती वस्तू आहेत याचा रकाना असतो, तो बघा. एनसीडीयूमध्ये कॅपिटल सी दाबलं की यादी आकाराऐवजी संख्येने लागते.

ग्रंथस्कॅन_गिरगाव

सापडलं! /एमएनटी/मूळ/एमएनटी/ग्रंथ बरोबर २६ जी. आरसिंकच्या तालमीत ११ फाइली निघाल्या ज्या यूएसबीवर नव्हत्या आणि होममधूनही काढून टाकलेल्या होत्या. म्हणजे त्या पानांची एकुलती एक प्रत या दबलेल्या फोल्डरातच होती. त्या आधी यूएसबीवर घेतल्या, तालीम पुन्हा केली, यादी रिकामी आली, मग पुसलं. डीएफ आता: वापर २१, शिल्लक २६. स्कॅनिंग सुरू झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

कोनाडा

त्या ११ फाइली वाचल्या हे फार बरं झालं. आता तीन गोष्टी करा.

तार बदला. लॅमिंग्टन रोडवर घेतलीत तर डिस्क सोबत न्या आणि दुकानातच लावून हलवून बघा.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी ही ओळ घाला: माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/ग्रंथ || एक्झिट १. डिस्क जागेवर नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

आणि कोनाडाच बुजवा. यूएसबी डिस्क यूमाउंट करा, एलएस -एने फोल्डर खरंच रिकामं आहे ना ते बघा, मग सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/ग्रंथ. आता त्या रिकाम्या फोल्डरात रूटलाही फाइल लिहिता येणार नाही, पण वर डिस्क माउंट करायला काहीच अडचण नाही. स्क्रिप्ट कोणी बदलली तरी हे टिकतं.

रात्रपाळी_सर्व्हर

यूएसबी डिस्कही ईएक्सटी४ असेल तर तिच्यावरही ५ टक्के राखीव आहेत, २ टीबीवर ते १०० जीबी होतात. नुसत्या बॅकअपच्या डिस्कवर त्यांचा उपयोग नाही. एलएसबीएलकेने तिचं नाव नीट बघून घ्या, समजा एसडीबी१ आहे, तर सुडो ट्यून२एफएस -एम ० /डेव्ह/एसडीबी१. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. रूट पार्टिशनवर मात्र हे करू नका, तिथले अडीच जीबी राहू द्या.